डोळ्यांना सोसेल असं

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. कळव्याच्या त्या फ्लॅटमध्ये कलश मांडून झाला होता, बिल्डिंगमधल्या बायका हातात फुलं-अक्षता घेऊन बसल्या होत्या. विनिता कहाणी वाचायला मोबाइल उघडणार, तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, सहदेवांनी, तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"याच्यावर नाही वाचायचं आता," ते म्हणाले आणि सोफ्यामागून एक खोकं काढलं.

खोक्यात पाटीसारखं करडं काहीतरी होतं. "ई-रीडर. मागून उजेडच मारत नाही. कागद वाचल्यासारखं वाटतं. ताण नाही, जळजळ नाही. पोथ्या, कहाण्या, सगळं पुतण्याकडून भरून आणलंय."

"अगंबाई! मजा आहे वहिनी तुमची," समोरच्या सरोजताई म्हणाल्या. "आमच्याकडे डोळे फुटले तरी कुणी विचारायचं नाही."

विनिता हसली. हसणं भागच होतं, कारण जळजळीचं तुणतुणं तिनेच लावलं होतं. गेला सगळा पावसाळा मोबाइल घेऊन बसली की डोळ्यांना धार लागायची, आणि सहदेवांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: अहो, या स्क्रीनचा उजेड फार लागतो बाई. कसला उजेड आणि कसलं काय! ती देवयानीचे मेसेज वाचायची. एकुलती एक लेक, मनासारखं लग्न करून टिटवाळ्याला गेलेली. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं सहदेवांनी बजावलं होतं. मोबाइलमध्येही ते नाव नव्हतंच, तिथे होत्या 'सखुबाई पापडवाल्या'. थाप पचली म्हणून बाई खूश होती. नवरा उठून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, मोबाइल तेवढा कमी करा.

आणि हे सगळं नेमकं आजच व्हायचं होतं! पहाटे देवयानीला कळा सुरू झाल्या होत्या. दुपारी तिच्याच फोनवरून तिच्या नवऱ्याने कळवलं: बाळ आडवं आहे, आत नेलंय, आई, देवाला हात जोडा. त्यानंतर काही नाही.

"द्या ना तो जरा," विनिता म्हणाली. "आजचा दिवस त्याच्यावरच वाचते. याची सवय नाही मला."

"होते सवय." सहदेवांनी मोबाइल शर्टाच्या खिशात टाकला आणि खुर्ची ओढून ते तिच्या समोर बसले.

ती वाचू लागली. अक्षरं खरंच स्वच्छ होती, मेली! पान उलटताना क्षणभर काळं व्हायचं, की पुन्हा तसंच गप्प. वरून कुणाचं नाव सरकत यायचं नाही, काही वाजायचं नाही. कहाणीतली लेक माहेरच्या दाराशी आली आणि ती स्वच्छ अक्षरंही पाण्यात गेली.

"काय झालं?" सहदेवांनी विचारलं. "यात तर उजेड नाही."

"उदबत्तीचा धूर जातोय डोळ्यांत."

ते उठले. उदबत्तीचं घर उचलून गॅलरीत ठेवून आले, जाता जाता पंखाही लावला, आणि पुन्हा समोर बसले. उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसे तिच्या डोळ्यांकडे बघत.

"हं. वाच आता."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. तिच्या अंगाची लाही लाही झाली. उठावं आणि तो खिसाच फाडावा, असं वाटलं. पण समोर सुवासिनी बसलेल्या, आणि कहाणी मध्येच सोडू नये म्हणतात. तिने लेक दाराशी आल्यापासूनचं पान पुन्हा वाचलं, मोठ्याने, न अडखळता.

"बघा," सहदेव बायकांना म्हणाले, "एक थेंब नाही."

"खरंच हो. आमच्या ह्यांना सांगते आता," सरोजताई म्हणाल्या.

तेवढ्यात सहदेवांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाव मोठ्याने वाचलं. "सखुबाई पापडवाल्या."

"अय्या, पापड झाले का त्यांचे? मलाही सांगा दोन किलो!"

सहदेवांनी लॉक काढलं. स्क्रीनवरचा पॅटर्न त्यांच्या बोटाला पाठ होता. मेसेज उघडला. चार ओळींचासुद्धा नसेल, पण ते किती तरी वेळ तोच वाचत राहिले. मोबाइलचा उजेड हनुवटीपासून कपाळापर्यंत पडला होता. त्यांचा जबडा हलला, आणि डोळे एकदम भरून आले आणि पाणी गालांवर ओघळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, विनिताने या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. ती त्या डोळ्यांत शोधत राहिली, की हे रडणं कसलं. काही कळेना.

"अहो," ती म्हणाली. कहाणी गेली उडत, बायका गेल्या उडत. "काय लिहिलंय? दोघं बरी आहेत ना?"

सरोजताईंनी अक्षतांची मूठ घट्ट धरली.

सहदेवांनी बटण दाबून मोबाइल पुरता बंद केला. बाहीने गाल पुसले, चष्मा खाली घेतला.

"तुझ्या डोळ्यांना सोसायचं नाही," ते म्हणाले. "मी वाचलंय. तू कहाणी पुरी कर."