के-एनचा गठ्ठा

“सगळे बरोबर आले तर मी गप्प परत जाईन,” मुलगी म्हणाली. “एक जरी चुकला तरी बॅग भरायची आणि माझ्या घरी यायचं. कबूल?”

“कबूल,” म्हातारा सुतार म्हणाला.

ती समोरच्या खुर्चीत बसायला लागली तसं त्याने घाईने स्टूल पुढे सरकवलं. “इथे बस. ती खुर्ची राहू दे.”

टेबलावर लाल दोऱ्याने बांधलेला कार्डांचा गठ्ठा होता. अकरा कार्डं, अकरा इंग्रजी शब्द, सगळे के आणि एन या अक्षरांनी सुरू होणारे. अक्षर त्याच्या बायकोचं. ती जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत होती. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून तिने नवऱ्याला धरलं. पी-एचचा गठ्ठा झाला, डब्ल्यू-आरचा झाला. नियम एकच. सगळे अर्थ आले की गठ्ठा डब्यात, तो पुन्हा काढायचा नाही. एक जरी चुकला तर उद्या पाच वाजता पहिल्यापासून.

के-एनचा गठ्ठा शेवटचा. “यातला के लिहायचा, पण बोलायचा नाही,” ती सांगायची. “तो असतो. फक्त आवाज करत नाही.”

या गठ्ठ्यातला एकच शब्द राहिला होता, तेव्हा ती गेली. त्याला दीड वर्ष झालं.

परवा शेजारणीने मुलीला फोन केला होता. “अगं, रोज पाच वाजता एकटेच बसतात आणि तेच अकरा शब्द घोकतात. दीड वर्षात पाठ होईनात. काल एकाचा अर्थ घुबड सांगत होते, परवा नाव. मला तर भीती वाटते बाई. गॅस चालू ठेवून विसरले म्हणजे?”

मुलगी दोऱ्याची गाठ सोडवायला लागली. नखं दुखली तरी सुटेना. “केवढी घट्ट बांधलीये! तुम्ही?”

त्याने उजवा हात वर केला. करवतीखाली आलेली दोन बोटं वाकत नव्हती. शर्टाची बटणं लावायलाही त्याला पाच मिनिटं लागत.

“माझ्याने कुठलं होतंय? चल, विचार.”

“नी.”

“गुडघा. रोज आठवण करून देतो तो.”

“नाइफ.”

“सुरी.”

“नकल.”

“बोटाचा सांधा.”

“नेव्ह.”

“लबाड माणूस. उदाहरण म्हणून तुझी आई मला दाखवायची.”

मुलगी हसली. विणणं, मळणं, जाणणं, गुडघे टेकणं, दाराची मूठ, दारावरची टकटक, सगळं धडाधड आलं. दहा झाले. तिच्या जिवात जीव आला. तिलाही त्याला इथून हलवायचं नव्हतं. या घरातलं टेबल, कपाट, खिडक्या, सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. तिचा पाळणासुद्धा.

तिने शेवटचं कार्ड धरलं. के, एन, ओ, टी.

“नॉट.”

तो कार्डाकडे बघत राहिला. मग रिकाम्या खुर्चीकडे.

तिला राहवलं नाही. तिने लाल दोऱ्याला सावकाश एक गाठ मारली आणि ती त्याच्यासमोर धरली. शाळेत कॉपी पुरवतात तशी.

“घंटा,” तो म्हणाला.

“बाबा, नीट बघा ना!”

“चुकलं ते चुकलं. तिचा नियम.”

त्याने टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि बॅग काढायला उठला. कपडे तिने भरले. त्याने फक्त गठ्ठा खिशात घातला.

मुलीच्या घरीही पाच वाजले की तो खोलीत टेबलाशी बसे आणि समोर एक खुर्ची ओढून ठेवी. त्याच्या विसरण्याबद्दल मुलीने डॉक्टरांना फोन केला होता. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची वेळ दिली होती.

आठवड्याने त्या खोलीत फळी ठोकायला मिस्त्री आला. म्हातारा दारातून बघत होता.

“मिस्त्री, तिथे नको. तिथे नॉट आहे, स्क्रू वाकेल. दोन बोटं खाली घ्या.”

मिस्त्रीने फळीतल्या गाठीवर अंगठा फिरवला. “खरंच की हो. बाबा, नजर शाबूत आहे तुमची!”

“नजर कसली. चाळीस वर्षं वखारीत दुसरं काय पाहिलं? नॉट असलेली फळी मी कधी घेतली नाही.”

मुलगी चहा घेऊन आली होती. ती तिथेच थबकली.

मिस्त्री गेल्यावर तिने दार लोटून घेतलं.

“नॉट म्हणजे काय, बाबा?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं होती. त्याने खुर्ची ओढली.

“तुम्हाला आधीपासून येत होतं,” तिचा आवाज चढला. “त्या एका शब्दापायी घराला कुलूप लावलं आपण. का खोटं बोललात?”

तिने रागाने गठ्ठा उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला. सकाळी टेबल पुसताना तिनेच कार्डं सुटी केली होती. दोरा केरात टाकला होता. आता अकरा कार्डं नीट लावलेली होती आणि त्यांच्यावर लाल दोऱ्याची घट्ट दुहेरी गाठ होती.

“हे कोणी बांधलं?”

त्याने घाबरून ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” तो कुजबुजला. “मला येतंय हे तुझ्या आईला कळलं, तर उद्यापासून ती यायची नाही.”