भात्यावरचा हात

चाळिशी उलटली तरी ओटीवर बसून सारखे पाय हलवायचं गोपाळचं अवलक्षण त्याच्या आईला, द्वारकाबाईंना, बघवत नसे. त्यानं नाटक कंपनीत पायानं भाता मारायचा ऑर्गन वाजवला, मुंबईच्या हॉटेलात गोऱ्यांना नाचवणारा जॅझ पियानो, मुक्या सिनेमापुढे दोन्ही. सिनेमा बोलायला लागला आणि तो गावी घरी येऊन बसला. आईनंच शब्द टाकून दहिवलीच्या देवळात त्याला भजनाच्या हातपेटीवर बसवलं. गावात दुसरं काम मिळणार नव्हतं. पहिल्याच अभंगात त्याचे डोळे मिटले, भात्यावरचा डावा हात पट्ट्यांवर आला, दहा बोटं धावू लागली आणि पेटी मुकी झाली. टाळ थांबले. मांडीतून सुटलेले त्याचे पाय मात्र सतरंजीवर भाता मारत राहिले. भजनाला आलेल्या द्वारकाबाई पुढे होऊन त्याचा गुडघा दाबून धरत म्हणाल्या, "ऊठ, गोपाळ. घरी आलास असं उगाच समजले मी. पाय मुंबईतच ठेवून आलायस."