चढती रेघ

बाईंनी फळ्यावर चढती रेघ काढली. "कथेतली अडचण अशी वाढत जाते," त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. नववीचा वर्ग जांभया देत होता.

नोटीस घेऊन आलेल्या शिपाई शेवंतामावशी दारातच थबकल्या. "मी सांगू, बाई?"

बाई बाजूला झाल्या.

"लेक तीन वर्षांची असताना पूर आला. आधी पाणी अंगणात, मग चुलीत. लेकीला माळ्यावर चढवलं, तर शिडी वाहून गेली. पाणी गळ्याशी आलं अन् भिंत खचायला लागली."

मावशी थांबल्या. घंटा झाली, पण जागचं कुणी हललं नाही.

"मग?" बाईंनीच विचारलं.

"लेकीला म्हटलं, मार उडी. झेलली, खांद्यावर घेतली, देवळाचा चौथरा गाठला. आता नर्स आहे ती."

बाईंनी आपली खुर्ची मावशींपुढे सरकवली. "बसा. पुढचा तासही तुम्हीच घ्या."