जपानचा बेत

"टोकियोनंतर कुठे?" अस्मिताने शाळेतल्या बाईंसारखं दरडावून नवऱ्याला विचारलं.

"क्योतो. मग शिराकावा, डोंगरातलं खेडं. तिथे दोन रात्री." शिरीषने पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

२००९ साल. दुबईतली त्याची कंपनी डबघाईला आलेली. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत. मुंबईचं नाव काढलं की रजा नामंजूर. पण जपानला पळून कोण जातं?

दुसऱ्या दिवशी एचआरच्या सामंतांनी एकेक मुक्काम खोदून खोदून विचारला, खेड्याचं नावसुद्धा लिहून घेतलं. पण पासपोर्ट मिळाला.

शुक्रवारी एअरपोर्टवर दोघं मुंबईच्या रांगेत उभी असताना शिरीषच्या खांद्यावर हात पडला. वळून बघतो तर सामंत! खलास! अस्मिताने त्याचा दंड घट्ट धरला.

सामंतांच्या मागे त्यांची बायको, पोरं आणि बॅगांचा ढीग होता.

"मला इथे पाहिलंत म्हणून कुणाला सांगू नका," सामंत कुजबुजले. "साहेबांच्या लेखी मीही शिराकावालाच निघालोय."