माजघराला शीड

वास आळीच्या तोंडाशीच आला. मुशीच्या तेलाचा, होडीच्या फळ्यांना चोपडतात त्याचा. नीराबाईनं डोक्यावरची रिकामी पाटी सावरली आणि मनाशी म्हटलं, कुणाची तरी होडी तेलावर आहे. चार घरं पुढं गेल्यावर दिसलं, की आळीतली झाडून सगळी मांजरं तिच्याच ओट्यावर येऊन बसली आहेत.

शेजारची केसर कुडाला टेकून हसत होती. "ये बाय, ये. तुजा तांडेल घर पाण्यात सोडतोय."

नीराबाईनं झपाझप पाय उचलले. सकाळी सुकट घेऊन बोर्लीच्या बाजाराला जाताना तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की दिवाळी तोंडावर आली, माजघराच्या भिंतींना चुना द्या, त्यात चिमूटभर नीळ घाला. पांढऱ्या, जराशा निळसर भिंती आणि चुलीच्या बाजूला फुलाफुलांच्या चिटाचा पडदा, लग्न झाल्यापासून तिची हौस ती एवढीच. पण दर वर्षी तेल, रंग, जे काही असेल ते आधी होडीला जायचं आणि घराच्या वाट्याला डब्याच्या तळाची खरवड यायची. यंदा नारळी पुनवेला होडी मुलाच्या, अनंताच्या हाती गेली होती. यंदा तरी पाळी घराची होती; पडद्यासाठी चिटाचं कापडही तिनं आणून ठेवलं होतं.

खरं तर चुन्याचं काम तिनं मुद्दामच काढलं होतं. होडीवरची तांडेलकी सोडल्यापासून तिचा नवरा धर्माजी ओट्यावर बसून नुसता खाडीकडं बघत राही. काही विचारलं तर 'व्हय', नाही तर 'न्हाय'. हात हलले तर माणूस हलेल, असं तिला वाटलं होतं.

माणूस चांगलाच हलला होता.

दार तेलानं चकाकत होतं. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून वर राळ फासली होती. भिंतींना चुना होता खरा, पण खाली कमरेएवढा हिरवागार पट्टा; मुंबईच्या आगबोटीनं होडीसाठी रंगाचा डबा आला होता, त्यातला. आणि चुलीच्या बाजूला, आढ्याला कप्पी बांधून, जुनं शीड टांगलं होतं.

"ह्ये काय करून ठेवलंत?" बाहेर उभ्याउभ्याच तिचा आवाज चढला. "मी चुना सांगितलेला. ही काय होडी हाय?"

धर्माजी दोरीला गाठ मारत होता. नाकावर हिरवा रंग, दाढीत चुना. "नुसत्या चुन्यावर पावसाळा निघत न्हाय," तो म्हणाला. "त्या फटींतनं दर साल पाणी येतंय का न्हाय? आता एक थेंब आला तर मला सांग. आन् ही दोरी बघ. वढली का शीड वर, सोडली का खाली. धूर कोंडायचा न्हाय तुजा."

एवढं बोलणं तिनं नारळी पुनवेपासून ऐकलं नव्हतं. पण ते शीड बघून तिला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

"आन् माजं चीट? त्ये कुठं गेलं?"

"हाय की." त्यानं शिडाचं टोक धरून उलटं केलं. आतून, चुलीकडच्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत लाल फुलं होती. शीड शिवायच्या दाभणानं, जाड दोऱ्यानं, लांब लांब टाके घातलेले. "लय पातळ गो त्ये. एका वाऱ्यात फाटलं असतं. म्हणून शिडाला धरून शिवलं. तू चुलीशी बसतंस तवा तुला फुलंच दिसायची."

नीराबाईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मांजरांबद्दल, दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल. हिरव्या पट्ट्याबद्दल तर फारच. तो रंग तिला मुळीच आवडला नव्हता आणि पुढंही आवडणार नव्हता. पण धर्माजी तिच्या तोंडाकडं बघत होता. होडी किनाऱ्याला लागली, की मासळी तिच्यापुढं ओतून तो असाच बघत राही, काही न विचारता. तिला एकदम हलकं वाटलं. माणूस परत आला होता.

"वास तरी जाईल ना?" तिनं विचारलं.

"जाईल की. शिमग्यापतूर."

ती हसली आणि आत यायला निघाली.

"थांब!" धर्माजी ओरडला. "अशी न्हाय."

तेव्हा तिनं खाली पाहिलं. उंबऱ्याला हळदकुंकू लावलं होतं. बाजूला फोडलेला नारळ. नवी होडी पाण्यात सोडताना करतात तसं सगळं. होडीवर बाईनं पाय ठेवायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत, आणि नीराबाईनं ती कधी मोडली नव्हती. उभ्या जन्मात तिनं गुडघाभर पाण्यातून भाकरीचं गाठोडं तेवढं वर दिलं होतं आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली होती.

धर्माजी उंबऱ्याच्या आतून वाकला.

"आधी पाटी दे."

तिनं पाटी दिली. त्यानं ती नीट आत ठेवली आणि पुन्हा हात पुढं केला.

"आता तू."

उंबरा जेमतेम वीतभर उंच होता. नीराबाईनं पाय मात्र चांगला गुडघ्याएवढा उचलला.