बाबांची चाल

निवडणुकीवरून भांडण झालं आणि दादा चार वर्षं बाबांशी बोलला नाही. बाबा गेल्यावर आला, तेव्हाही दाराजवळच्या खुर्चीत बसला, जायच्या तयारीत.

बाबांच्या मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता. समोर रोजचाच अनोळखी भिडू, ‘वाटसरू’. बाबा म्हणायचे, “शहाणा माणूस आहे, राजकारणावर बोलत नाही.” बाबांच्या चालीची मुदत संपायला नऊ मिनिटं होती.

“हरू देऊ का?” मी विचारलं.

“मला काय विचारतेस?”

“बरं. उंट पुढे घेते.”

“उंट नको,” खिडकीबाहेर बघत दादा म्हणाला. “वजीर जाईल त्यांचा.”

मोबाइल माझ्या हातात होता. दादाने डाव एकदाही पाहिला नव्हता.