घाटातले थांबे

"सायकल तेवढी निघते," देवानंद म्हणाला. "बाकी काईच निघत नाही."

फाटकाला कुलूप होतं. लोखंडी खांब आणि दरड यांच्यामध्ये एक अरुंद फट होती. त्यानं आपली जुनी काळी सायकल तिरपी करून तिच्यातून काढली. मागून गार्गीनं आपली गिअरची.

"हेच तर हवंय आम्हाला," ती हसली.

गार्गी बुलढाण्याच्या सायकल मंडळाची. बाहेरून नवा रस्ता झाला तेव्हापासून साखळदऱ्याचा हा जुना घाट वाहनांना बंद होता, आणि जंगल हळूहळू डांबरावर उतरून आलं होतं. फाटक असंच कायम बंद राहावं, घाट फक्त सायकलींना राखावा, असं मंडळाचं पत्र उद्या वर जायचं होतं. वाटाड्या म्हणून गावातल्या कुणाचं तरी नावही त्यात द्यायचं होतं. देवानंदनं निरोप धाडला होता : पत्र देण्याआधी ताईनं एकदा माझ्यासंगं घाट चढावा, मी थांबीन तिथं थांबावं. माणसाला काम हवंय, असं गार्गीला वाटलं.

फाटकापाशी मनकर्णाबाई शेळ्या चारत होती. "पुन्हा चालला काय बे देवानंदा?" तिनं हटकलं. मग गार्गीकडं पाहून म्हणाली, "पायाखाली पाहून चालजा बाई. भादवा हाय. गवतातून साप निघून राह्यले."

आभाळ खाली आलं होतं. सागाच्या शेंड्यांवर पांढुरका फुलोरा, आणि त्याच्यावर धुकं. फुलं कुठं संपतात आणि धुकं कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. खाली ओढा एकसुरी बोलत होता. दुसरा आवाज नाही.

देवानंदच्या कॅरिअरवर एक फळी ठोकलेली होती. फळीला पाठ होती, पाठीला जुन्या लुगड्याचा पट्टा. हँडलला कडूनिंबाची डहाळी बांधलेली.

"ही बैठक छान केलीय. कुणासाठी?"

"धम्मशीलासाठी. बायको माझी."

"अरे वा! वहिनींनाही फिरवता म्हणजे."

"एकडाव आणलं."

"एकदाच?"

"एकदाच," तो म्हणाला आणि पायडल मारू लागला.

पहिल्यांदा तो झऱ्यापाशी थांबला. कपारीतून पाण्याची बोटभर धार पडत होती. त्यानं ओंजळ भरून पाणी प्यायलं, मग डहाळीचं एक पान खुडून गार्गीपुढं धरलं.

"खा."

"कडूनिंब? आज काय पाडवा आहे?"

"खा तं. चढावर झोप येत नाही."

तिनं चावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू लागते का?" त्यानं विचारलं. अगदी तिच्या डोळ्यांत पाहून.

"भयंकर!"

"मंग चाला."

गार्गीनं फोनवरच्या नकाशात झऱ्याला खूण केली. इथं एक बाक टाकता येईल.

पुढं चढ उभा झाला. देवानंद उतरून सायकल ढकलू लागला. एक हात हँडलवर आणि दुसरा मागं, रिकाम्या बैठकीच्या पाठीवर. इतकी जपून सायकल ढकलणारा माणूस गार्गीनं पाहिला नव्हता.

दुसरा थांबा मोहाच्या झाडाखाली. तिथून सगळं खोरं दिसायचं. वाऱ्यानं धुक्याचा पदर जरा सरकला आणि खाली गावाची कौलं दिसली, त्यापलीकडं नव्या रस्त्याचा पूल. पूल कुठला, लाल पाणीच.

"पूर आला का तो बंद," देवानंद म्हणाला.

"मग तेव्हा तुम्ही कसे जाता?"

"सायकलनं."

"मस्त!" गार्गी म्हणाली.

त्यानं पान दिलं. कडू लागते का? लागते. मग चाला.

तिसरा थांबा माथ्याच्या अलीकडं, एका सपाट खडकावर. देवानंद बसला नाही. सायकल धरून उभ्याउभ्याच गुणगुणला,

"सागाला गं आला बहर, घाट धुक्यात झाकला..."

"किती गोड! वहिनींचं गाणं?"

"हाव. तिचं माहेर जानेफळचं. तिकडचं हाय. इथं मीच म्हणायले लावलं होतं तिले."

"पुढची ओळ?"

"पुढची नाही ऐकली मी."

पान चावताना या वेळी गार्गीनं तोंड वाकडं केलं नाही. सवय झाली होती. त्याचा चेहरा मात्र एकदम उतरला. "लागते ना कडू?" त्यानं घाईनं विचारलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

तिला तो आवडू लागला होता. वाटाड्या म्हणून याचंच नाव टाकायचं, तिनं ठरवून टाकलं. झरा, मोह, खडक. कशा नेमक्या जागा हेरल्यात यानं! पर्यटकांना आणखी काय हवं?

चौथ्यांदा तो थांबला तेव्हा मात्र ती बुचकळ्यात पडली. एक साधं वळण. खचलेली मोरी, घाणेरीचं रान, दरडीचा ढिगारा. ना झरा, ना सावली, ना खोरं. माथ्यावरच्या मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. आवाज अगदी कानाशी आला.

"इथं काय पाहायचं, भाऊ?"

देवानंदनं सायकल स्टँडवर लावली. बैठकीचा पट्टा सोडला, नीट घडी केली. डहाळीला एकच पान उरलं होतं. ते त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं.

"कडू लागते?"

"कडूच आहे," ती म्हणाली. "काऊन विचारता सारखं?" त्याच्या बोलण्याचं वळण तिच्या जिभेवर आलं होतं.

तो मोरीच्या कठड्यावर टेकला. खाली, फाटकाच्या दिशेनं पाहत राहिला.

"त्या दिवशीबी कुलूपच होतं, ताई," तो म्हणाला. "साप चावला होता तिले. खडकापावतर पान कडू लागलं. इथं म्हणे, गोड लागते."